धागा : शाळेच्या दारात अडवलेली सुझन क्लार्क – आयोवातील मस्कटीन काउंटी आणि ‘सर्व’ या शब्दाचा अर्थ

१/
१० सप्टेंबर १८६७. अमेरिकेच्या आयोवा राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी वसलेल्या मस्कटीन गावातील ‘ग्रामर स्कूल क्रमांक २’ या सार्वजनिक शाळेत १२ वर्षांची एक मुलगी प्रवेशासाठी गेली. तिचे घर त्याच शाळेच्या हद्दीत होते आणि वयही नियमात बसत होते. तरीही तिला प्रवेश नाकारण्यात आला. कारण एकच : ती कृष्णवर्णीय होती.

तिचे नाव सुझन क्लार्क. तिच्या वडिलांनी शाळा मंडळाला न्यायालयात खेचले आणि पुढच्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. संपूर्ण देशासाठी असा निर्णय येण्यास १९५४ साल उजाडावे लागले. मधे ८६ वर्षे गेली. एका लहानशा काउंटीत हे इतक्या लवकर कसे घडले आणि ते देशभर का पसरले नाही, याचा हा धागा.

२/
प्रथम स्थळाची ओळख. अमेरिकेतील राज्ये काउंटींमध्ये विभागलेली असतात. काउंटी म्हणजे प्रशासनाच्या दृष्टीने जिल्हा. पण आकाराने पुष्कळदा महाराष्ट्रातील तालुक्याएवढाच. मस्कटीन काउंटीचे क्षेत्रफळ अवघे ४४९ चौरस मैल, म्हणजे सुमारे १,१६० चौरस किलोमीटर. तिची स्थापना १८३६ ची. काउंटीचे मुख्य गाव आरंभी ‘ब्लूमिंग्टन’ म्हणून ओळखले जाई. १८४९ पासून ते ‘मस्कटीन’ झाले.

नदीतून वाफेच्या बोटी ये-जा करीत. बोटींना सरपण लागे, प्रवाशांना खाणावळी व न्हावी लागत. शेतमाल, लाकूड आणि माणसे यांची वर्दळ असलेले हे बंदर होते. आयोवात गुलामगिरी नव्हती. पण दक्षिणेची सीमा मिसुरीला भिडलेली आणि मिसुरी हे गुलामगिरीचे राज्य. हे शेजारपण पुढील कथेत सतत जाणवत राहते.

३/
शाळांची कथा जमिनीपासून सुरू होते. १७८५ च्या भूमी अध्यादेशाने अमेरिकेच्या पश्चिमेकडील प्रदेशाची मोजणी ठरवून दिली. जमीन सहा मैल लांब व सहा मैल रुंद अशा चौकोनांत आखायची. अशा एका चौकोनास ‘टाउनशिप’ म्हणत. प्रत्येक टाउनशिपचे ३६ भाग करायचे. एक भाग एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा. त्यांतील १६ व्या क्रमांकाचा भाग त्या टाउनशिपमधील सार्वजनिक शाळांसाठी राखून ठेवायचा.

वस्ती होण्याआधी, शिक्षक मिळण्याआधी, विद्यार्थी जन्मण्याआधी नकाशावर शाळेची जमीन राखली जाई. ती विकून किंवा खंडाने देऊन येणारा पैसा शिक्षणाकडे वळवायचा, अशी ही योजना होती. आयोवालाही तिचा लाभ मिळाला.

४/
या उदार योजनेच्या खाली एक दुसरी कथा गाडलेली आहे. ही जमीन रिकामी नव्हती. मिसिसिपीच्या पश्चिमेचा हा पट्टा सॉक आणि मेस्क्वाकी या मूळ अमेरिकी समाजांचा होता. १८३२ च्या ब्लॅक हॉक युद्धात त्यांचा पराभव झाला. त्यानंतरच्या तहाने त्यांना नदीकाठचा मोठा प्रदेश सोडावा लागला आणि १८३३ पासून गोऱ्या वसाहतकारांना तो खुला झाला.

म्हणून ‘सार्वजनिक शाळा’ हा शब्द या भूमीत उच्चारला गेला तेव्हाच एक प्रश्न त्याच्यासोबत उभा होता : ‘सार्वजनिक’ म्हणजे नेमके कोण? मस्कटीनमध्ये १८६७ साली झालेला वाद याच प्रश्नाचे एक रूप होते.

५/
आयोवाच्या पहिल्या कायदेमंडळांनी या प्रश्नाचे उत्तर उघडपणे लिहून ठेवले. शाळा ५ ते २१ वर्षे वयाच्या ‘गोऱ्या’ व्यक्तींसाठी खुल्या असतील, असे आरंभीच्या कायद्यांचे शब्द होते. १८५१ च्या संहितेने तर कृष्णवर्णीयांच्या मालमत्तेला शाळा-करातून वगळले. वरवर ही सवलत वाटते. तिचा खरा अर्थ मात्र वेगळा होता. ज्याच्याकडून कर घ्यायचा नाही, त्याच्या मुलाला शाळा देण्याचे बंधनही राहत नाही.

केवळ शाळाच नव्हे, राज्यात पाऊल ठेवणेही कठीण होते. १८३९ च्या कायद्यानुसार येथे स्थायिक होऊ इच्छिणाऱ्या कृष्णवर्णीय माणसाला आपण गुलाम नसल्याचे प्रमाणपत्र आणि ५०० डॉलरचा जामीन सादर करावा लागे. १८५१ मध्ये तर मुक्त कृष्णवर्णीयांच्या नव्या आगमनालाच बंदी करणारा कायदा झाला.

६/
परंतु त्याच भूमीत एक निराळा प्रवाहही होता. १८३९ मध्येच आयोवा टेरिटरीच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘रॅल्फ’ नावाच्या माणसाच्या प्रकरणात निकाल दिला. रॅल्फ मिसुरीत गुलाम होता. मालकाशी करार करून, स्वातंत्र्याचे मोल कमावण्यासाठी तो आयोवातील शिशाच्या खाणींत काम करण्यास आला होता. ठरलेली रक्कम फिटली नाही, तेव्हा त्याला पकडून परत नेण्याचा प्रयत्न झाला. न्यायालयाने रॅल्फ मुक्त असल्याचे ठरवले.

म्हणजे एकाच वर्षी कायदेमंडळ कृष्णवर्णीयांवर जामिनाची अट लादत होते आणि न्यायालय एका कृष्णवर्णीय माणसाला स्वातंत्र्य देत होते. आयोवाच्या इतिहासात हे दोन प्रवाह पुढची तीस वर्षे समांतर वाहत राहिले.

७/
या वातावरणात १८४२ साली एक सोळा वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण मस्कटीनला आला. नाव अलेक्झांडर क्लार्क. जन्म १८२६ चा, पेन्सिल्व्हेनियातील. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या आईवडिलांचा हा मुलगा सिनसिनाटी येथे न्हाव्याचे काम शिकला होता. मस्कटीनमध्ये त्याने केशकर्तनाचे दुकान टाकले, वाफेच्या बोटींना सरपण पुरवण्याचा व्यवसाय केला आणि मिळालेला पैसा जमिनीत व घरांत गुंतवला.

न्हाव्याचे दुकान हे त्या काळातील गावाचे वार्तापत्रच. वकील, व्यापारी, संपादक आणि राजकारणी तेथे येत, बोलत, वाद घालत. ज्या गावाने त्याला मतदानाचा हक्क दिला नव्हता, त्या गावाच्या कारभाराची खडान्‌खडा माहिती क्लार्कला होती. मतपेटी बंद असलेल्या माणसाने अर्ज, सभा आणि न्यायालय ही साधने कशी वापरावी, हे त्याच्या पुढील आयुष्यात दिसते.

८/
१८४८ मध्ये क्लार्कचा विवाह कॅथरीन ग्रिफिन हिच्याशी झाला. १८४९ मध्ये गावातील कृष्णवर्णीयांनी आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल पंथाचे चर्च उभारले. त्याच्या संस्थापकांत क्लार्क होता. १८५५ मध्ये त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी आगमनबंदीचा १८५१ चा कायदा रद्द व्हावा म्हणून कायदेमंडळाकडे अर्ज पाठवला. तो मान्य झाला नाही.

यादवी युद्धात १८६३ साली आयोवाने कृष्णवर्णीय सैनिकांची पलटण उभी केली. क्लार्कने तिच्यासाठी भरती केली आणि स्वतःही सार्जंट मेजर म्हणून नाव नोंदवले; परंतु पायातील दोषामुळे त्याला प्रत्यक्ष सेवेत घेतले गेले नाही. भरतीचे काम मात्र त्याने चालूच ठेवले. युद्ध संपले तेव्हा त्याच्या हाती एक सबळ युक्तिवाद होता : देशासाठी मरण्यास जे चालतात, ते देशाच्या शाळेत बसण्यास का चालू नयेत?

९/
दरम्यान आयोवाच्या शिक्षणव्यवस्थेचा पाया बदलत होता. १८५६ मध्ये राज्याने शाळा-कायद्यांच्या पुनर्रचनेसाठी एक आयोग नेमला. मॅसॅच्युसेट्सचे ख्यातनाम शिक्षणसुधारक होरेस मान त्याचे प्रमुख होते. कराच्या पैशावर चालणारी, सर्व मुलांना विनामूल्य मिळणारी ‘कॉमन स्कूल’ ही मान यांची जन्मभराची निष्ठा होती.

१८५७ मध्ये राज्याला नवी राज्यघटना मिळाली. तिच्या शिक्षणविषयक कलमात राज्यातील ‘सर्व’ मुलामुलींच्या शिक्षणाची तरतूद कॉमन स्कूल व्यवस्थेद्वारे करावी, असे बंधन घातले गेले. वाक्यात ‘गोऱ्या’ हा शब्द नव्हता. मतदानाच्या कलमात मात्र तो होता आणि तो काढावा की नाही या प्रश्नावर त्याच वर्षी मतदारांनी प्रचंड बहुमताने ‘नाही’ असा कौल दिला. एकाच राज्यघटनेत शाळेसाठी ‘सर्व’ आणि मतपेटीसाठी ‘गोरे’, असा विसंवाद राहिला.

१०/
‘सर्व’ हा शब्द लिहिणे सोपे होते; तो पाळणे कठीण गेले. १८५८ च्या शाळा-कायद्याने कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळ्या शाळा काढाव्यात असे सांगितले. उपविभागातील पालकांची एकमुखी संमती असेल तरच ती मुले गोऱ्या मुलांसोबत बसू शकत. एका पालकाचा नकारही मुलाला वर्गाबाहेर ठेवण्यास पुरेसा होता.

पुढच्या काही वर्षांत कायद्याची भाषा हळूहळू बदलली. १८६० च्या दशकातील दुरुस्त्यांत वर्णाचा उल्लेख गळाला आणि १८६६ पर्यंत कायद्याचे शब्द असे झाले की प्रत्येक शाळा ५ ते २१ वर्षे वयाच्या सर्व व्यक्तींसाठी विनामूल्य खुली असेल. कायदा बदलला, पण प्रथा बदलली नाही. कायदा आणि प्रथा यांमधील ही फट क्लार्कने हेरली.

११/
मस्कटीनच्या शाळा मंडळाने कृष्णवर्णीय मुलांसाठी एक वेगळी शाळा ठेवली होती. वस्तीच्या हद्दीप्रमाणे शाळा ठरवण्याचा नियम गोऱ्या मुलांना लागू होता; कृष्णवर्णीय मुलांनी मात्र गावात कोठेही राहत असले तरी त्या एकाच शाळेत जावे, असा मंडळाचा ठराव होता.

मंडळाची भूमिका अशी : आम्ही शिक्षण नाकारलेले नाही. शाळा आहे, शिक्षक आहे. कोणत्या मुलाने कोणत्या इमारतीत बसावे हा केवळ व्यवस्थेचा प्रश्न आहे आणि व्यवस्था ठरवण्याचा अधिकार कायद्याने आम्हाला दिला आहे. शिवाय गावातील लोकमत दोन्ही वर्णांच्या मुलांना एकत्र बसवण्याच्या विरोधात आहे.

हा युक्तिवाद दुबळा मुळीच नव्हता. कारण त्याच्या पाठीशी देशातील एका अत्यंत प्रतिष्ठित न्यायालयाचा निकाल उभा होता.

१२/
तो निकाल बॉस्टनचा. तेथे सेरा रॉबर्ट्स नावाच्या पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला घराजवळच्या शाळा ओलांडून दूरच्या वेगळ्या शाळेत जावे लागे. तिच्या वडिलांनी दावा लावला. बाजू मांडली चार्ल्स समनर व रॉबर्ट मॉरिस या वकिलांनी. समनर पुढे अमेरिकी सिनेटमधील गुलामगिरीविरोधी नेते म्हणून गाजले. मॉरिस हे देशातील आरंभीच्या कृष्णवर्णीय वकिलांपैकी एक.

‘रॉबर्ट्स विरुद्ध सिटी ऑफ बॉस्टन’ या खटल्यात मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने, मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांच्या लेखणीतून, शाळा समितीच्या बाजूने निकाल दिला. कायद्यापुढे सर्व समान आहेत हे मान्य. पण मुलांची वर्गवारी कशी करावी हा समितीच्या विवेकाधिकाराचा विषय आहे, असा त्याचा गाभा होता. १८५५ मध्ये तेथील कायदेमंडळाने कायदा करून ही वेगळेपणाची प्रथा बंद केली. परंतु निकाल कागदावर कायम राहिला आणि दाखला म्हणून वापरला जाऊ लागला.

१३/
क्लार्कने निवडलेला मार्ग अचूक होता. त्याने नुकसानभरपाई मागितली नाही. सुझनच्या वतीने, तिचा पालक म्हणून, त्याने न्यायालयाकडे असा आदेश मागितला की शाळा मंडळाने आपले कायदेशीर कर्तव्य बजावून तिला प्रवेश द्यावा. अशा आदेशाला ‘मॅन्डॅमस’ म्हणतात. मराठी कायद्याच्या भाषेत ‘परमादेश’.

या मार्गाचे वैशिष्ट्य असे की वादाचा केंद्रबिंदू बदलतो. मंडळाचे वागणे चांगले की वाईट, हा प्रश्न उरत नाही. प्रश्न एवढाच राहतो : कायद्याने हे कर्तव्य मंडळावर सोपवले आहे की नाही? कर्तव्य असेल तर ते टाळण्याचा विवेकाधिकार मंडळाकडे असूच शकत नाही. जिल्हा न्यायालयाने क्लार्कच्या बाजूने निर्णय दिला. मंडळाने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात अपील केले.

१४/
१८६८ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले. निकालपत्र लिहिले न्यायमूर्ती चेस्टर कोल यांनी. त्यांनी कायद्यांचा इतिहासच साक्षीला बोलावला. पूर्वीचे कायदे शाळा ‘गोऱ्यांसाठी’ म्हणत होते. नंतरचे कायदे ‘वेगळ्या शाळा’ म्हणू लागले. त्यानंतरच्या कायद्यांतून हे दोन्ही गेले आणि केवळ ‘सर्व’ उरले. कायदेमंडळाने पायरी-पायरीने जो भेद काढून टाकला, तो शाळा मंडळाला आपल्या ठरावाने परत आणता येणार नाही.

मंडळाला अधिकार आहेत, हे न्यायालयाने मान्य केले. शाळांच्या हद्दी आखणे, वयाप्रमाणे व प्रगतीप्रमाणे वर्ग पाडणे, शिस्त राखणे ही सर्व कामे मंडळाची. पण हे नियम सर्व मुलांना सारखेच लागू झाले पाहिजेत. वर्णाच्या आधारावर एका गटाला बाजूला काढणे हा त्या अधिकाराचा भाग नाही.

१५/
यानंतर निकालपत्रात एक असा युक्तिवाद येतो की जो वाचून मस्कटीनमधील अनेक गोरे नागरिकही विचारात पडले असावेत. मंडळाला वर्णावरून मुले वेगळी करता येत असतील, तर राष्ट्रीयत्वावरून का नाहीत? मग जर्मन मुलांनी एका शाळेत, आयरिश मुलांनी दुसऱ्या शाळेत जावे असाही ठराव करता येईल. धर्मावरून, फार काय कपड्यांवरूनही मुले वेगळी काढता येतील.

हा दाखला हवेतला नव्हता. मस्कटीन काउंटीत जर्मन स्थलांतरित मोठ्या संख्येने होते आणि आयरिशही होते. परकी भाषा बोलणाऱ्या, निराळ्या पंथाच्या या लोकांविरुद्धचा रोष १८५० च्या दशकात अमेरिकी राजकारणाने अनुभवला होता. जो अधिकार आज शेजाऱ्याच्या मुलीविरुद्ध वापरला जातो, तो उद्या आपल्या मुलाविरुद्ध वापरला जाऊ शकतो, हे न्यायालयाने त्यांच्याच परिचयाच्या उदाहरणांनी दाखवून दिले.

१६/
‘लोकमत विरोधात आहे’ या मुद्द्यालाही उत्तर मिळाले. न्यायालयाच्या दृष्टीने मुलीचा हक्क घटनेतून व कायद्यातून आला होता. लोकांच्या आवडीनिवडीतून नव्हे. एखाद्या गावाचे मत अनुकूल असेल तर हक्क आहे आणि प्रतिकूल असेल तर नाही, अशी स्थिती मान्य केली तर राज्यघटनेतील ‘सर्व’ हा शब्द गावोगावी निराळा होईल.

येथे बॉस्टन आणि मस्कटीन यांतील फरक स्पष्ट होतो. दोन्ही न्यायालयांपुढे प्रश्न तोच होता आणि दोन्ही न्यायालये समानतेचे तत्त्व मान्य करीत होती. शॉ यांनी वेगळेपणा हा व्यवस्थेचा प्रश्न मानला. कोल यांनी तो हक्काचा प्रश्न मानला. एकाच तत्त्वाच्या दोन वाचनांतून दोन निराळे देश घडू शकत होते.

१७/
इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थोडे थांबून काटेकोर व्हायला हवे. या निकालाविषयी पुष्कळदा सांगितले जाते त्यातील काही विधाने वाढवून केलेली असतात.

‘अमेरिकेत शाळांतील वर्णभेदाला मिळालेला पहिला धक्का’ असे म्हणणे बरोबर नाही. मॅसॅच्युसेट्सचा कायदा १८५५ चा आहे. ‘वेगळेपणा हीच विषमता’ असा व्यापक सिद्धान्तही कोल यांनी मांडलेला नाही. मंडळाला असा अधिकारच नाही, हा निकालाचा कणा होता. तसेच हा निकाल अमेरिकी राज्यघटनेच्या १४ व्या दुरुस्तीवर आधारलेला नाही. ती दुरुस्ती जुलै १८६८ मध्ये अमलात आली. निकालाचा आधार होता तो आयोवाची राज्यघटना आणि आयोवाचे कायदे. हीच त्याची ताकद होती आणि पुढे हीच त्याची मर्यादा ठरली.

१८/
१८६८ हे वर्ष आयोवासाठी असाधारण ठरले. फेब्रुवारीत डे मॉइन येथे राज्यातील कृष्णवर्णीय नागरिकांची परिषद भरली. तिच्या प्रमुख नेत्यांत अलेक्झांडर क्लार्क होता. मागणी होती मतदानाच्या हक्काची. नोव्हेंबरमध्ये मतदारांनी घटनादुरुस्तीला मान्यता दिली आणि मतदानाच्या कलमातून ‘गोरा’ हा शब्द निघाला. देशपातळीवर अशी तरतूद करणारी १५ वी दुरुस्ती १८७० मध्ये आली.

ज्या प्रश्नावर ११ वर्षांपूर्वी प्रचंड बहुमताने ‘नाही’ म्हटले गेले होते, त्यावर आता गोऱ्या पुरुष मतदारांनीच ‘होय’ म्हटले. मधल्या काळात यादवी युद्ध झाले होते आणि क्लार्कसारख्यांनी अर्ज, सभा व दावे यांची साखळी तुटू दिली नव्हती.

१९/
तरीही निकाल लागला म्हणून सर्व शाळांची दारे आपोआप उघडली नाहीत. आयोवाच्या आग्नेय टोकाला, मिसिसिपीच्याच काठी, ली काउंटीत केओकक हे शहर आहे. तेथील शाळा मंडळाने कृष्णवर्णीय मुलांना वेगळे ठेवणे चालूच ठेवले. १८७५ मध्ये केओककमधील दोन प्रकरणे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेली. दोन्हींत न्यायालयाने मस्कटीनचाच न्याय लावला.

सात वर्षे जुना, स्पष्ट शब्दांतील निकाल असतानाही पालकांना पुन्हा वकील करावा लागला, पुन्हा वाट पाहावी लागली. निकाल हा हक्काचा पुरावा असतो. तो हक्क बजावण्यासाठी कोणीतरी दर वेळी पुढे यावे लागते.

२०/
शेजारच्या राज्यांकडे पाहिले की मध्यपश्चिम अमेरिकेचा नकाशा किती विस्कळीत होता ते कळते.

मिशिगन : १८६७ च्या कायद्याचा आधार घेऊन तेथील सर्वोच्च न्यायालयाने १८६९ मध्ये डेट्रॉइटच्या मंडळाला वेगळ्या शाळा ठेवण्यास मनाई केली.
ओहायो : १८७१ मध्ये न्यायालयाने वेगळ्या शाळा वैध ठरवल्या.
इंडियाना : १८७४ मध्ये तेथील न्यायालयानेही वेगळेपणाच्या बाजूने निकाल दिला.
कॅन्सस : १८७९ च्या कायद्याने मोठ्या शहरांना प्राथमिक शाळा वेगळ्या ठेवण्याची मुभा दिली, लहान शहरांना ती नव्हती. म्हणून १८८१ मध्ये ओटावा या लहान शहराचे मंडळ खटला हरले. टोपेकासारख्या मोठ्या शहरात मात्र वेगळ्या शाळा कायद्याच्या आधाराने टिकल्या.

एखाद्या मुलीने कोणत्या बाकावर बसावे, हे तिचे घर राज्याच्या सीमारेषेच्या कोणत्या बाजूला आहे यावर ठरत होते.

२१/
मग देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने कोणता मार्ग धरला? १८९६ च्या ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ या खटल्यात रेल्वेच्या वेगळ्या डब्यांचा प्रश्न होता. न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ ही कल्पना वैध ठरवली आणि दाखल्यांत बॉस्टनच्या रॉबर्ट्स खटल्याचा आधार घेतला. ज्या राज्याने ती प्रथा ४१ वर्षांपूर्वी स्वतःच मोडली होती, त्या राज्याचा जुना निकाल देशाचा कायदा घडवण्यास उपयोगी पडला. मस्कटीनचा निकाल राज्याच्या सीमेत राहिला.

१७ मे १९५४ रोजी ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या निकालाने सार्वजनिक शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरला. हा खटला ज्या शहराच्या नावाने ओळखला जातो ते शहर टोपेका. कॅन्ससच्या १८७९ च्या कायद्याने मुभा दिलेले तेच मोठे शहर.

२२/
क्लार्क कुटुंबाचे पुढे काय झाले? सुझनने १८७१ मध्ये मस्कटीनच्या हायस्कुलातून शिक्षण पूर्ण केले आणि पदवीदान समारंभात भाषणही केले. आयोवातील सार्वजनिक हायस्कुलातून उत्तीर्ण झालेली पहिली कृष्णवर्णीय विद्यार्थिनी म्हणून तिचे नाव घेतले जाते. पुढे तिचा विवाह एका धर्मोपदेशकाशी झाला.

तिचा भाऊ अलेक्झांडर धाकटा १८७९ मध्ये आयोवा विद्यापीठाच्या विधी शाखेचा पहिला कृष्णवर्णीय पदवीधर झाला. पाच वर्षांनी, १८८४ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, खुद्द वडिलांनीही तीच पदवी मिळवली. या विधी महाविद्यालयाचा उगम १८६५ मध्ये डे मॉइन येथे झाला होता आणि त्याच्या संस्थापकांपैकी एक होते न्यायमूर्ती चेस्टर कोल. ज्यांच्या निकालाने मुलीला शाळा मिळाली, त्यांनीच रुजवलेल्या संस्थेत बापलेक वकील झाले.

२३/
१८९० मध्ये राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी अलेक्झांडर क्लार्क यांची पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियामध्ये अमेरिकेचे राजदूत म्हणून नेमणूक केली. ३१ मे १८९१ रोजी मन्रोव्हिया येथे त्यांचे निधन झाले. त्यांचा देह मस्कटीनला आणून तेथील ग्रीनवुड स्मशानभूमीत दफन करण्यात आला.

गावाला त्यांची आठवण दीर्घकाळ फारशी नव्हती. १९७० च्या दशकात त्यांचे १८७८ मधील घर पाडले जाण्याच्या बेतात होते. नागरिकांनी प्रयत्न करून ते थोड्या अंतरावर हलवले आणि वाचवले. २०२० पासून मस्कटीनमधील एक सार्वजनिक शाळा सुझन क्लार्क यांच्या नावाने ओळखली जाते.

२४/
या कथेतून इतिहासाच्या विद्यार्थ्याने काय घ्यावे?

एक : मोठे बदल नेहमी राजधानीत सुरू होत नाहीत. शाळेची हद्द, प्रवेशाचा नियम, मंडळाचा ठराव अशा स्थानिक कागदांतच समानतेची खरी परीक्षा होते. इतिहास शोधायचा असेल तर संसदेतील भाषणांइतकीच गावच्या शाळा मंडळाची इतिवृत्तेही वाचावी लागतात.

दोन : पुरोगामी निकाल एकदा लागला की प्रगती निश्चित, असे नसते. १८६८ चा निकाल उपलब्ध असताना देशाने १८५० च्या सुमाराचा दाखला उचलला. कोणता दाखला जिवंत ठेवायचा हेही माणसेच ठरवतात.

तीन : १८५७ मध्ये घटनेत ‘सर्व’ हा शब्द लिहिणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात कृष्णवर्णीय मुले नसतीलही. पण शब्द लिहिला गेला होता. अकरा वर्षांनी एका न्हाव्याने तो जसा लिहिला आहे तसाच वाचावा, असा आग्रह न्यायालयापुढे धरला; आणि त्याची मुलगी ग्रामर स्कूल क्रमांक २ ची हक्कदार विद्यार्थिनी ठरली.

(धागा समाप्त)